गारगोटीची पूड

माझा कप मी स्वतःच वेगळा केला. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. निळा कप होता, कुठल्याशा बँकेनं राकेशला फुकट दिलेला, कानाजवळ टवका उडालेला. चहा झाला की मी तो धुवायचो आणि कपाटात न ठेवता खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घालायचो. बाकीचे कप कपाटात, माझा खिडकीत.

ही न्यू जर्सीतल्या एडिसनची गोष्ट, चौऱ्याण्णव सालच्या हिवाळ्यातली. राकेश माझा एकुलता एक मुलगा, तिथं इंजिनियर. त्याची बायको हर्षिता बाळंत व्हायची होती म्हणून मी पाहुण्याच्या व्हिसावर गेलो होतो. खरं तर अशा वेळी बाईमाणूस जातं. पण राकेशची आई, रत्नाबाई, तो शाळेत असतानाच गेली, आणि हर्षिताच्या आईला नागपूरहून हलता येत नव्हतं. राकेशला बहीणही नाही, म्हणजे बाळाला आत्या नाही. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की बारशाला बाळाच्या कानात नाव मी सांगायचं. हे मला फोनवर कळलं तेव्हा मी पलीकडून काही बोलूच शकलो नव्हतो. राकेशला वाटलं लाइन कट झाली.

मी पोचलो तेव्हा बाळ अजून पोटात होतं. त्या थंडीत माझा खोकला, जो घरी सकाळ-संध्याकाळ येऊन जायचा, तो मुक्कामालाच आला. जिना चढलो की वरच्या पायरीवर कठडा धरून उभं राहावं लागायचं. राकेशनं ते दोन-तीनदा पाहिलं आणि मला डॉक्टरकडे नेलं.

त्या डॉक्टरनं बरंच विचारलं. राकेश इंग्रजीत उत्तरं देत होता, मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मध्ये टीबी हा शब्द आला. तो मला कळतो. राकेशनं भाषांतर करायच्या आधीच मी मान हलवली, की हो, झाला होता. आमच्या वस्तीत जो खोकेल त्याला टीबीच म्हणायचे. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायच्या आणि खायच्या. मीही खाल्ल्या होत्या. मग डॉक्टरनं विचारलं, काम काय करत होते. राकेश म्हणाला, "कन्स्ट्रक्शन."

हाही शब्द मला कळत होता. दर रविवारी आपली चार मंडळी बुद्धवंदनेला जमायची, कधी राकेशकडे, कधी दुसऱ्या कोणाकडे. तिथं कोणी माझी चौकशी केली की राकेश हाच शब्द सांगायचा. विद्यापीठात शिकणारा प्रितम नावाचा एक पोरगा यायचा, तो तर मला कन्स्ट्रक्शनवाले काकाच म्हणायचा. मी आयुष्यात एकही घर बांधलं नाही. पण मुलगा सांगतो तर सांगू दे, असं मला वाटायचं.

छातीचा फोटो काढला. त्यात वरच्या बाजूला डाग होते. हाताला सुई टोचली, ती जागा सुजून आली. डॉक्टर म्हणाला, पुन्हा टीबी असू शकतो. बेडका तपासायला दिला. पहिल्या तपासणीत जंतू दिसले नाहीत, पण नक्की सांगायचं तर ते वाढवून बघावे लागतात, त्याला काही आठवडे जातात. तोवर नवजात बाळापासून लांब राहा, मास्क लावा, वेगळ्या खोलीत झोपा. पुढचं छातीची डॉक्टर बघेल.

त्याच आठवड्यात बाळ आलं. मुलगी.

दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा मी जिन्याच्या वर उभा होतो, तोंडाला मास्क. खाली राकेशनं पांढऱ्या कापडाची गुंडाळी वर करून दाखवली. मला एक मूठ दिसली, बाकी काही नाही. हर्षिता म्हणाली, बाबा, दिसली का. मी म्हणालो, दिसली.

मला वरची मागची खोली दिली होती. पलंग, कपाट, खिडकी, जमिनीवर मऊ गालिचा. घरातलं चांगलं पांघरूण माझ्याकडे होतं. तरी मला तिथं बसवेना. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठं जायचं हा प्रश्न. भिंतीपलीकडे मुलगी रडायची. तान्ह्या बाळाच्या रडण्याला एक ओढ असते, आपोआप पाय तिकडे वळतात. मी दारापर्यंत जायचो, दाराच्या मुठीवर हात ठेवायचो आणि परत यायचो. गालिच्यावर माझ्या चालण्याचा एक पट्टा उमटला होता. हर्षिता व्हॅक्यूम मारायची, मी तो पुन्हा पाडायचो.

मग चहाला खाली उतरायचं, सगळे वर असतील तेव्हा. कप धुवायचा. खिडकीत पालथा घालायचा. पुन्हा वर.

प्रितम एकदा ग्रोसरी घेऊन आला. माझा मास्क बघून म्हणाला, "काका, बँक लुटायला निघालात काय यार? कप आधीच आणलाय तिथून." मला हसू आलं आणि हसण्यातून खोकला. त्याला वाईट वाटलं बिचाऱ्याला. मी त्याला म्हणालो की लुटलेलं अर्धं तुला देईन, पण मला ओक ट्री रोडच्या देशी दुकानात घेऊन चल, गूळ आणायचाय.

गूळ मला लागायचाच. खोकल्याची उबळ संपली की तोंडात एक खडा. ही सवय कामावरची. ते काम काय होतं ते आता सांगतो, कारण राकेश ते सांगत नव्हता.

भंडाऱ्याच्या बाजूला एक गिरणी होती. धान्याची नाही, दगडाची. पांढरी गारगोटी ट्रकनं यायची, ती फोडायची आणि दळायची. तिची पूड काचेच्या कारखान्यांना आणि चिनी मातीच्या बरण्या करणाऱ्यांना जायची. आम्ही पुरुष दगड टाकायचो आणि पोती भरायचो, बायका पूड चाळायच्या. रत्नाबाई चाळणीवर होती. ती पूड पिठापेक्षा मऊ. बोटांत धरली तर आहे की नाही कळायचं नाही. मशीन बंद पडलं, सगळे जेवायला बसले, तरी पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या उन्हात ती तरंगतच असायची. तोंडाला फडकं बांधायचो. संध्याकाळी सोडलं की फडकं बाहेरून पांढरं आणि आतूनही पांढरं. वस्तीतली पोरं आम्हाला भूत म्हणून ओरडायची आणि आम्हीही भुतासारखे हात वर करून त्यांच्यामागे धावायचो.

सुटताना मुकादम प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायचा. गूळ खाल्ला की छातीतली धूळ धुऊन पोटात उतरते, असं मालक म्हणायचा, मुकादम म्हणायचा, आम्हीही म्हणायचो. कोणाला खडा मिळाला नाही तर तो भांडायचा. फडक्यासाठी कधी कोणी भांडलं नाही.

रत्नाबाई आधी खोकायला लागली. मग वाळली. दवाखान्यानं टीबी सांगितला. तिनं स्वतःच आपला पेला वेगळ्या खिळ्याला अडकवला. राकेश तेव्हा शहरातल्या वसतिगृहात होता, सुट्टीला यायचा. त्याला ती उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. तो बाहेर उभा राहायचा, ती आत भिंतीला टेकून बसायची. आपल्या वाटचा गूळ ती त्याच्यासाठी ठेवायची आणि बसल्या जागेवरून फेकायची. तो झेलायचा. कधी मुद्दाम वर फेकायची, कधी खाली, तो उड्या मारायचा, दोघं हसायची. तिला हसणंही पेलायचं नाही. शेवटपर्यंत तिनं त्याला जवळ घेतलं नाही.

तर एडिसनच्या खिडकीतला माझा कप राकेशला दिसला, तो एका शनिवारी सकाळी. एरवी तो घाईत असायचा. त्या दिवशी तो दूध गरम करायला खाली आला आणि मी कप पालथा घालतच होतो. त्यानं विचारलं, हा इथं का. मी म्हणालो, वाळतो लवकर. त्यानं कपाट उघडलं, आतले कप बघितले, पुन्हा खिडकीकडे बघितलं. तेवढ्यात हर्षिता बाळाची बाटली घेऊन आली, मला बघून दारातच थांबली.

"हर्षिता, हा कप तू वेगळा ठेवलास?"

ती म्हणाली नाही. त्यानं पुन्हा विचारलं, आवाज बारीक करून. तो चिडला की आवाज बारीक करतो, लहानपणापासून. ती म्हणाली, मी नाही ठेवला, पण ठेवला असता तरी काय चुकलं असतं, घरात तान्हं बाळ आहे.

"आपल्या घरात कोणाचा कप वेगळा राहणार नाही," राकेश म्हणाला. "माझ्या आजोबांना लोक वरून पाणी ओतायचे. तुला हे सांगायला हवं का?"

तिचे डोळे भरले. तीही आमच्यातलीच, तिच्याही आजोबांना लोकांनी वरूनच पाणी ओतलं होतं. तिला हे कोणी शिकवायची गरज नव्हती आणि म्हणूनच ते तिला लागलं.

मी मध्ये पडलो. "राकेश, ही जात नाही रे. जंतू आहेत. जंतूला अंतर ठेवावंच लागतं. कप मी ठेवलाय."

त्यानं कप उचलला आणि कपाटात बाकीच्यांच्या रांगेत ठेवला. दूध उतू गेलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. तो निघून गेल्यावर हर्षितानं गॅस पुसला. मी कप काढून पुन्हा खिडकीत ठेवला. तिनं पाहिलं. त्या दिवसापासून राकेश खाली आला की कप कपाटात जायचा आणि तो गेला की खिडकीत यायचा. एका घरात एक कप असा फिरत होता, आणि मीही.

बारशाची तारीख जवळ आली. जांभळ्या रंगाचा पाळणा आणून ठेवला होता, खालच्या खोलीत. राकेश म्हणाला पुढे ढकलू. हर्षिता म्हणाली हॉलचं कॅन्सल करावं लागेल, लोकांना बोलावून झालंय, नाहीतर लतिका काकूंना नाव सांगायला सांगू. लतिका काकू म्हणजे शेजारच्या, पुण्याच्या, भली बाई. दारामागून मी ऐकलं. लतिका काकू चांगल्याच आहेत, असं मी स्वतःला सांगितलं, आणि खोलीत इतका चाललो की धाप लागून पलंगावर आडवा झालो.

छातीच्या डॉक्टरची वेळ आली त्या सकाळी पुन्हा बर्फ पडलं होतं आणि राकेशची ऑफिसात अशी मीटिंग होती की ती चुकवता येत नव्हती. बाळाला लतिका काकूंकडे ठेवून हर्षितानं मला नेलं. गाडीत खिडकी थोडी उघडी ठेवली होती, माझ्यामुळे. थंडीनं तिचे हात लाल झाले होते. मी म्हणालो काच लाव, मी मास्क घट्ट धरतो. तिनं लावली नाही.

ही डॉक्टर बाई होती, पिकलेल्या केसांची, पुरुषासारखी उंच. तिनं माझा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला आणि जवळ वाकून तो बराच वेळ बघितला. मग तिनं हर्षिताला काहीतरी विचारलं. हर्षिता माझ्याकडे वळली.

"बाबा, त्या विचारतायत, कन्स्ट्रक्शनमध्ये नक्की काय काम. हातानं काय करायचात?"

मी तिच्याकडे बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिलाही माहीत नाही. लग्नाला चार-पाच वर्षं झाली, नातं जुळवताना दोन्ही घरं बसून बोलली, आणि माझ्या सुनेला माझं काम माहीत नाही. राकेशनं तिलाही कन्स्ट्रक्शनच सांगितलं होतं. क्षणभर वाटलं आपणही तेच म्हणावं. मुलानं एक सांगितलं आणि बापानं दुसरं, हे बरं दिसत नाही. पण भिंतीपलीकडचं रडणं माझ्या कानातून जात नव्हतं.

"दगड दळायचो," मी म्हणालो. "गारगोटीची पूड. मी आणि राकेशची आई, दोघं."

हर्षितानं ते इंग्रजीत सांगितलं. पहिल्या वाक्यानंतर डॉक्टर बाई खुर्चीवरून उठली. मग प्रश्न एकामागून एक. दगड कोणता, किती वर्षं, पाणी मारायचे का, बंद शेडमध्ये का, तोंडाला काय. मी सांगत गेलो, हर्षिता सांगत गेली, तिचा आवाज हळूहळू बदलत गेला. फडक्याचं सांगितलं. गुळाचं सांगितलं. बायका चाळायच्या तेही.

डॉक्टर बाईचे आजोबा पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या खाणीत होते, असं तिनं मग सांगितलं. त्यांची छाती अशीच वाजायची. तिनं पेटीवरच्या फोटोत बोट फिरवून मला दाखवलं. वरच्या भागात बारीक गोल दाणे, कोणी मोहरी फेकल्यासारखे. आणि मध्ये गाठी होत्या, त्यांच्या कडा अंड्याच्या टरफलासारख्या पांढऱ्या.

ती सावकाश बोलली, हर्षितानंही सावकाश सांगितलं, म्हणून मला नीट कळलं. जी धूळ डोळ्याला दिसते ती नाकात अडकते, घशात अडकते, बेडक्यातून निघते. जी दिसतच नाही एवढी बारीक असते ती खोल उतरते, फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांत. तिथं शरीराचे राखणदार असतात. बाहेरचं काही आलं की ते गिळून टाकायचं, हे त्यांचं काम. ते दगडाचा कणही गिळतात. पण दगड पचत नाही. कण गिळून राखणदारच मरतो, फुटतो, कण पुन्हा मोकळा. मग दुसरा येतो, तोही गिळतो. असं चालूच राहतं, आणि जिथं चालतं तिथं जखमेचा वण धरतो. वण कडक असतो, फुगत नाही. अशा वणांची गाठ होते, गाठींचा गठ्ठा. काम सोडलं तरी कण आतच असतात, म्हणून ते थांबत नाही.

"आणि गूळ?" मी विचारलं.

हर्षितानं ते इंग्रजीत विचारलं. डॉक्टर बाई जराशी हसली, पण माझ्यावर नाही. गूळ पोटात जातो, ती म्हणाली. धूळ ज्या वाटेनं गेली त्या वाटेला गूळ कधी गेलाच नाही.

ह्याला सिलिकोसिस म्हणतात, ती म्हणाली. हे कोणाचं कोणाला लागत नाही. मात्र अशा छातीत टीबी लवकर शिरतो, दोन्ही एकत्रही असतात, म्हणून वाढवायला ठेवलेल्या बेडक्याचा निकाल येईपर्यंत मास्क काढायचा नाही आणि बाळाला घ्यायचं नाही. निकाल चांगला आला तरी टीबी होऊ नये म्हणून काही महिने गोळी घ्यायची. छातीला औषध आहे का, असं हर्षितानं आपणहून विचारलं. त्या बाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढं इंग्रजी मलाही कळलं.

परत येताना हर्षिता म्हणाली, राकेशनं मला का नाही सांगितलं. मी म्हणालो, त्याला समजावून सांगायला कठीण गेलं असेल, दगड कोणी दळतं का, लोक हसतात. ती म्हणाली, मी लोक आहे का. तिनं काच तशीच उघडी ठेवली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा ती समोर बघतच म्हणाली, "आईंचं पण असंच असेल?"

"राकेशला हे विचारू नकोस," मी म्हणालो. "तो आपणहून विचारेल."

निकालाचा फोन यायचा होता. आता तर माझं खोलीतही भागेना. मी जिन्यात बसायचो, कारण तिथून खालचा फोन ऐकू यायचा. फोन वाजला की उभा राहायचो. कधी कोणी कार्पेट धुवायचं विचारायचं, कधी राकेशच्या ऑफिसचं. एकदा प्रितमचा होता, काकांना नवा मास्क हवा का म्हणून. हर्षिता प्रत्येक वेळी वर बघून मान हलवायची, की नाही, तो नाही. राकेशला तिनं काय सांगितलं, केव्हा सांगितलं, मला माहीत नाही. पण दोन दिवस तो माझ्याशी आणि तिच्याशी फार नम्रपणे बोलत होता, परक्या घरात असल्यासारखा. कपाला त्यानं हात लावला नाही.

फोन आला तो दुपारी. मी जिन्यात होतो. हर्षिता ऐकत राहिली, हो हो करत राहिली, एकदा तिनं काहीतरी पुन्हा सांगायला लावलं. मग फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघताच आतल्या खोलीत गेली. मला वाटलं संपलं. मी कठडा धरून उठलो, वर निघालो.

"बाबा, खाली या," ती म्हणाली. "मास्क काढा. हात धुवा."

बाळ झोपलेलं होतं. तिनं ते तसंच उचलून आणलं होतं. मी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलो, कारण उभ्यानं घ्यायचा मला विश्वास वाटेना. तिनं मुलगी माझ्या मांडीवर ठेवली. किती हलकी होती. पण अंग मात्र तापलेल्या भाकरीसारखं ऊबदार. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि सवयीनं माझं तोंड बाजूला वळलं. हर्षिता म्हणाली, वळवू नका. लागत नाही. डॉक्टर म्हणाल्या ना, लागत नाही.

राकेश आला तेव्हाही ती माझ्याकडेच होती. तो दारात कोट न काढताच उभा राहिला. बुटांवरचं बर्फ विरघळून फरशीवर पाणी झालं. हर्षितानं त्याला निकाल सांगितला. त्यानं मान हलवली. मला वाटलं तो पुढे येईल. तो तिथंच उभा, दाराच्या चौकटीत, लहानपणी उभा राहायचा तसाच.

"बाबा, आईला टीबी नव्हताच?"

"कोण सांगणार आता," मी म्हणालो. "असेलही. डॉक्टर म्हणाली, दोन्ही असतात. तिचा फोटो कधी काढलाच नाही."

"म्हणजे नसूही शकेल."

"नसूही शकेल."

तो खाली बघत होता. "ती गूळ फेकायची," तो म्हणाला. "मी मित्रांना सांगायचो, माझी आई माझ्याशी क्रिकेट खेळते." हर्षिता त्याच्याजवळ जाऊन त्याच्या कोटाची बटणं काढू लागली, पोराची काढतात तशी. त्यानं काढू दिली.

बारसं ठरल्या दिवशीच झालं, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये. वंदना झाली. पाळण्याशी मला खुर्ची ठेवली होती आणि मुलगी मांडीवर दिली होती. प्रितमनं कॅमेरा सांभाळला होता. तो कोणालातरी म्हणाला, की कन्स्ट्रक्शनवाले काका नाव सांगणार. राकेश शेजारीच खिरीच्या वाट्या भरत होता. त्यानं मान वर न करता म्हटलं, "कन्स्ट्रक्शन नाही रे. दगडाच्या गिरणीत होते. माझी आईही." प्रितम अच्छा म्हणाला, आणि वाटी पुढे गेली. एवढंच झालं. मला वाटलं होतं असं कधी झालं तर काहीतरी मोठं होईल.

मी वाकलो. कानात नाव सांगायला सुद्धा श्वास लागतो, हे मला माहीत नव्हतं. उपा, एवढं अर्धंच सांगितलं आणि उबळ आली. मी घाईनं मुलगी हर्षिताकडे द्यायला हात पुढे केले. तिनं हात पुढे केले नाहीत. ती तशीच उभी राहिली, हात जोडून, जणू काही घाई नाही. उबळ गेली. मी पुन्हा वाकलो आणि पूर्ण नाव सांगितलं, उपासना.

आता खरं तर स्वस्थ बसायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा उठून चालायला लागलो. गिरणी अजून चालूच आहे. माझा पुतण्या मोरेश्वर तिथं पोती भरतो, त्याची बायको चाळणीवर आहे. मी निघालो तेव्हा ती खोकत होती, आणि दोन लेकरं आहेत तिला. मी राकेशला म्हणालो, माझं तिकीट अलीकडे कर.

तो ऑफिसला निघाला होता. "बाबा, आत्ता कुठं तिला घेतलंत तुम्ही."

"म्हणूनच म्हणतो," मी म्हणालो. "मोरेश्वरच्या बायकोनं दवाखान्यात सांगायला हवं, की नुसता टीबी म्हणून सोडू नका, फोटो काढा, काम काय ते विचारा. मी सांगितलं तर ऐकेल ती. फोनवर नाही ऐकणार. आणि तिथं फोन कुठाय."

तो बघतो म्हणाला. जाताना त्यानं माझ्या डबीतला गुळाचा एक खडा उचलला आणि तोंडात टाकला. मी म्हणालो, त्यानं काही होत नाही, माहीत आहे ना. तो म्हणाला, माहीत आहे.

हर्षिता अंघोळीला गेली होती, म्हणून उपासना माझ्या मांडीवर होती. मोरेश्वरला काय काय सांगायचं ते डोक्यात उलटसुलट फिरत होतं. पाय उठायला बघत होते. पण ती झोपली होती, आणि तिचं डोकं नेमकं माझ्या छातीवर होतं, जिथं ते सगळं वाजतं तिथं. उठलो असतो तर जागी झाली असती. म्हणून मी बसून राहिलो.